हळदीच्या मांडवातली दोन गाणी

मार्गशीर्ष लागला की पेणेत राहणाऱ्या माणसाने लवकर झोपण्याची सवय काही महिने बाजूस ठेवावी हे बरे. गावाच्या चहूअंगांना वाड्या आणि पाडे पसरलेले आहेत, आणि लग्नाच्या तिथी पंचांगाने सर्वांना सारख्याच वाटून दिलेल्या आहेत. त्यामुळे एकेका रात्री तीन-तीन मांडवांतली हळद एकाच खिडकीतून कानी येते. परगावच्या वाचकांसाठी येथे थोडा खुलासा केला पाहिजे. आमच्या रायगड जिल्ह्यात, विशेषतः आगरी आणि कोळी वस्तीत, हळद हा लग्नाच्या पोटातला एक लहानसा विधी नव्हे. लग्न दुसऱ्या दिवशी चार मंगलाष्टकांत उरकते. खरा सोहळा आदल्या रात्रीचा. जेवणाच्या पंगती, आहेर, मुंबईहून आणि पनवेलहून लोटलेले पाहुणे, आणि या सर्वांवर कळस म्हणून मांडवाच्या तोंडाशी रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत. ती एकदा बोलू लागली म्हणजे माझ्या खिडकीची तावदाने तिला साथ करतात.

अशा वेळी निवृत्त शिक्षकाने तक्रारीचा अर्ज लिहावयास बसावे अशी लोकांची अपेक्षा असते. मला अर्जापेक्षा ऐकण्यात अधिक गोडी वाटते. अंथरुणावर पडल्या पडल्या हळूहळू गाण्यांचा क्रम ध्यानात येऊ लागला. प्रथम गणपतीचे एखादे गाणे, मग कोळीगीते, मग हिंदी चित्रपटांतली दोन-चार, आणि साडेनऊच्या सुमारास, रात्री दहाचा सरकारी नियम डोक्यावर येऊन ठेपला असताना, एकाएकी तो ओळखीचा ठेका. 'झिंगाट'! तिन्ही मांडवांत थोड्याफार अंतराने तोच. त्याबरोबर मंडळींच्या तोंडून जो आनंदाचा एकच कल्लोळ उठतो, त्यावरून न पाहताही सांगता येते की आता खुर्चीला खिळलेले मामा आणि काकासुद्धा उठले असतील.

या गाण्याची कुळकथा थोडक्यात सांगतो. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा चित्रपट प्रदर्शित झाला. संगीत अजय-अतुल या बंधूंचे. 'झिंगाट' त्यांनी स्वतःच गाइले आहे. चित्रपटाच्या संगीतातला पाश्चात्त्य वाद्यवृंद थेट लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित केलेला, आणि गाण्यांची बोली मात्र सोलापूर-करमाळ्याकडची. शंभर कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविणारा हा पहिला मराठी चित्रपट ठरला. पुढे कानडीत आणि २०१८ साली हिंदीत त्याची रूपांतरे निघाली; हिंदीतही 'झिंगाट'ची चाल बदलण्याचे धाडस कोणी केले नाही. ज्या मुलांचा जन्म २०१६ नंतरचा, ती आज आमच्या मांडवांत सर्वांच्या पुढे होऊन या गाण्यावर नाचतात. चित्रपटातले गाणे एका सराईपुरते जगते, हा माझा जुना अनुभव. या गाण्याने तो खोटा पाडला.

आता या गाण्यामागची गोष्ट पाहा. गावच्या बड्या जमीनदार पुढाऱ्याची मुलगी आर्ची, आणि मासेमारी करून पोट भरणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीच्या घरातला मुलगा परश्या, यांचे ते प्रेम. 'झिंगाट' वाजते ते मुलीच्याच घरी, तिच्या भावाच्या वाढदिवसाच्या समारंभात. जातगोत विसरून सगळी तरुण मंडळी नाचते. आणि त्याच रात्री ती दोघे तिच्या घरच्या माणसांना सापडतात. मग मारहाण, पलायन, हैदराबादेतली झोपडपट्टी, कष्टाने उभा राहिलेला लहानसा संसार, आणि एके दिवशी माहेरच्या भेटवस्तू घेऊन दारात आलेला तोच भाऊ. चित्रपटाच्या शेवटी त्या दोघांचे अजाण मूल रक्ताळलेली पावले उमटवीत घराबाहेर पडते. त्या वेळी पडद्यामागून कसलाही आवाज येत नाही. साऱ्या महाराष्ट्राला नाचविणाऱ्या चित्रपटाने शेवटी प्रेक्षकांच्या कानांना निव्वळ शांतता दिली.

ही गोष्ट मांडवात नाचणाऱ्यांना ठाऊक नाही असे समजण्याचे कारण नाही. चित्रपट सर्वांनी पाहिला आहे, बहुतेकांनी दोनदा. डोळ्यांतून पाणीही काढले आहे. तरीसुद्धा ज्या घरात मुलीने 'तसे' काही केले तर बापाला चार माणसांत मान वर करून हिंडता येणार नाही, त्याच घरच्या मांडवात तो बाप या गाण्यावर दोन्ही हात वर करून नाचतो. याला ढोंग म्हणावे, तर ते मला मनापासून पटत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नसतो. मग हे काय आहे?

माझ्या या कुतूहलाला आमच्या जिल्ह्याच्या इतिहासाची एक धारदार कडा आहे. 'सैराट' ज्या एप्रिलमध्ये आला, त्याच एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा संमत केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१७ साली अमलात आला. कोणाला वाळीत टाकले, पंक्तीतून उठविले, त्याच्या लग्ना-मर्तिकाला जाण्यास इतरांना मनाई केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई राज्याने १९४९ साली या दिशेने एक कायदा केला होता. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरविला, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ ही जागा रिकामीच राहिली. ती भरून काढावी अशी मागणी ज्या तक्रारींमुळे बळावली, त्यांत आमच्या रायगड जिल्ह्यातल्या तक्रारींचा भरणा मोठा होता. कोठे जमिनीचा तंटा, कोठे निवडणूक, कोठे देवळाचा हिशेब, आणि कोठे मुलाने अगर मुलीने जातीबाहेर केलेले लग्न. ज्या अंगणांत 'झिंगाट'चा जल्लोष घुमतो, त्यांपैकी काही अंगणे गावकीच्या एका शब्दाने ओस पडलेलीही या जिल्ह्याने पाहिली आहेत.

पण हे सारे खेड्यापाड्यांच्या माथी मारून आपण शहाण्या मध्यमवर्गीयांनी नामानिराळे होणे बरे नव्हे. आमच्या वर्गात कोणी कोणाला वाळीत टाकीत नाही. आमची रीत सौम्य आहे. रविवारच्या वर्तमानपत्रातली 'वर पाहिजे, वधू पाहिजे' ही सदरे मी फार आवडीने वाचतो. त्यांत पुष्कळदा 'आंतरजातीय चालेल' असे मोठ्या मनाने लिहिलेले असते, आणि लगेच पुढे एक कंस करून अमुक अमुक वर्गांचा नामनिर्देश, व त्यापुढे 'क्षमस्व'. एवढ्या मोठ्या नकारासाठी एवढा गोड शब्द दुसऱ्या कोणत्या भाषेने खर्ची घातला असेल असे मला वाटत नाही. लाठीकाठीचा प्रश्नच उरत नाही. काम होते, आणि सभ्यताही राहते.

आमच्या वर्गाची दुसरी एक मौज सांगतो. मुलीचे लग्न जमत नसले तर तिने एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'चे पारायण करावे, असे अजूनही कित्येक घरांत सांगतात. आता रुक्मिणीने केले काय? घरच्यांनी ठरविलेला शिशुपाल नाकारला, ज्याच्यावर मन जडले त्या कृष्णाला स्वतः पत्र धाडले, आणि भाऊ रुक्मी संतापून मागे धावत असता त्याच्या रथात बसून गेली. ही कथा पोथीत असते तोवर तिचे फळ घरच्यांच्या पसंतीचा जावई हे असते. मुलीने पोथीतून नेमका बोध घेतला, तर मात्र घरात हलकल्लोळ माजतो.

आणि मोठ्या माणसांच्या बाबतीत आमचे औदार्य तर विचारू नका. रोह्यातल्या महाविद्यालयाला डॉ. चिंतामणराव देशमुखांचे नाव आहे, आणि ते सर्वथा योग्य आहे. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे १९५० ते १९५६ पर्यंत देशाचे अर्थमंत्री, मेघदूताचे मराठी भाषांतरकार. त्यांची पहिली पत्नी इंग्रज. तिच्या मृत्यूनंतर १९५३ साली त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. त्या आंध्रच्या, घटनासमितीच्या सदस्य, मोठ्या कर्तबगार बाई. रोहेकर या दोन्ही विवाहांविषयी आदराने बोलतात. जात, प्रांत, देश यांच्या भिंती ओलांडणारे प्रेम आम्हांला मान्य नाही असे कोण म्हणेल? ते पुतळ्याच्या उंचीवर असले म्हणजे मान्य आहे, पोथीत असले म्हणजे मान्य आहे, पडद्यावर असले म्हणजे तर आम्ही त्यावर नाचावयासही तयार आहोत.

पेणेचा माणूस म्हणून मला या बाबतीत आमच्या गणपतीच्या कारखान्यांची आठवण येते. पेण आणि हमरापूर परिसरातून दर वर्षी लाखो मूर्ती देशोदेशी जातात. माती कालविणारा कोण, साच्यात भरणारा कोण, घासून गुळगुळीत करणारी बाई कोण, आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा तो तरबेज हात कोणाचा, हे मूर्ती घरी नेणारा कधी विचारीत नाही. तो ती डोक्यावर घेऊन जातो आणि देवघरात बसवितो. कारण मूर्तीबरोबर त्या हातांची नावे येत नाहीत. नाव आले नाही की स्वीकार फार सोपा होतो.

'झिंगाट'च्या बाबतीतही मला हेच दिसते. त्या गाण्यात नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. प्रेमात पडलेला कोणी एक आहे, आणि त्याला वेड लागले आहे, एवढेच. म्हणून त्यात कोणीही शिरू शकतो. हे त्याचे सामर्थ्य आहे, आणि मी त्याला उणे लेखीत नाही. अनेकांना एका ठेक्यावर आणणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ज्या गाण्यात कोणाचेच नाव नाही ते गाताना कोणालाच काही द्यावे लागत नाही. प्रेम आवडणे आणि प्रेम करणाऱ्या माणसाला पत्करणे, यांत जे अंतर आहे ते या एका नावाचे आहे. ही गोष्ट मला पुस्तकांतून कळली नाही. ती रोह्याकडच्या एका मांडवात, दुसऱ्या एका गाण्याने कळली.

त्या गाण्याविषयी प्रथम दोन शब्द सांगितले पाहिजेत. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण नावाची एक स्त्री असते. भटजी येण्याच्या कितीतरी आधी तिचे काम सुरू होते. मांडव घालताना, हळद लावताना, न्हाणताना ती जी गाणी म्हणते त्यांना धवले म्हणतात. तिच्यापुढे पोथी नसते. आईकडून किंवा एखाद्या वडीलधाऱ्या धवलारणीकडून तिने ती तोंडपाठ केलेली असतात, आणि बरोबरच्या बायका तिच्यामागून ओळ उचलतात. हा शब्द फार जुना आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिला मान मिळाला त्या महानुभाव पंथीय महदंबेने तेराव्या शतकात रचले तेही 'धवळे'च, आणि त्यांचा विषय रुक्मिणी आणि कृष्ण यांचा विवाह. म्हणजे मराठीतल्या सर्वांत जुन्या लग्नगीतांनी जे लग्न गाइले ते भावाला न जुमानता केलेले होते! आमच्याकडच्या धवलारणीचा त्या महदंबेशी थेट धागा जुळतो की नाही, हे पंडितांनी ठरवावे. नाव मात्र ती तेच चालवीत आली आहे.

माझ्याबरोबर शाळेत शिकविणारे एक आगरी स्नेही आहेत. त्यांचे मूळ घर कुंडलिकेच्या खाडीकडच्या एका गावी. त्यांच्या मुलाच्या हळदीचे निमंत्रण आले तेव्हा मी दुपारच्या दिवा-रोहा गाडीने निघालो. कासू, नागोठणे, निडी अशी लहान लहान स्थानके घेत गाडी रोह्यास पोहोचते. तेथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. पण मला पुढे जावयाचे नव्हते. वाटेत नागोठण्यास गाडी थांबली तेव्हा माझ्या मनात एक विचार येऊन गेला. माझ्या स्नेह्यांची थोरली मुलगी याच गावात राहते. ती परिचारिका आहे. चार वर्षांपूर्वी तिने दुसऱ्या जातीच्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. आता कायदा असल्यामुळे गावकीने उघड काही केले नाही. पण चावडीवर बसणाऱ्या दोन-चार वृद्धांनी कुजबुजत जे सांगावयाचे ते सांगितले. बापाने त्याहून कडक शिक्षा स्वतःलाच करून घेतली. त्या दिवसापासून त्याने मुलीचे नाव उच्चारले नाही. शिक्षकांच्या खोलीत कोणी सहज 'मुले किती?' असे विचारले, तर तो 'एक मुलगा' असे सांगत असे, आणि मी शेजारी बसून ते ऐकत असे. लग्नपत्रिकेवरही करवल्यांच्या नावांत ते नाव नव्हते.

मी पोहोचलो तेव्हा संध्याकाळचा धवला चालू होता. धवलारीण सत्तरीच्या पलीकडची, किरकोळ अंगाची, आवाज चिरका पण सुरात पक्का. तिच्याभोवती सात-आठ बायका. पण सूर्य मावळताच तो मुंबईहून आणलेला संगीतसंच सज्ज झाला, आणि म्हातारीचा धवला अर्ध्यावर राहिला. ती रागावली नाही. पाटाशेजारी पाय दुमडून बसली, सुपारी कातरू लागली, आणि दोन-अडीच तास तशीच बसून राहिली. इकडे मांडव दणाणून गेला. शेवटी नेमाप्रमाणे 'झिंगाट' लागले. पोरांनी माझ्या स्नेह्यांना हाताला धरून मध्ये ओढले. इतका अबोल माणूस. पण दोन्ही हात वर करून नाचला. त्यांच्या पत्नी दाराच्या चौकटीला टेकून पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी पाहिले, आणि दुसरीकडे दृष्टी वळविली.

दहाला यंत्र बंद झाले. कान बधिर झाल्यावर जी शांतता येते ती विचित्र असते. खाडीवरचा वारासुद्धा ऐकू येऊ लागला. पाहुणे पंगतीकडे वळले. तेव्हा म्हातारीने सुपारी तोंडात टाकली आणि राहिलेला धवला उचलला. मी ऐकलेल्या धवल्यांची रीत अशी: आधी देवांना आवतण, मग गावदेवीला, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, आणि मग नवऱ्यामुलाच्या हयात गोताला, एकेकाचे नाव घेऊन. आजी, आजोबा, आत्या, मामी, बहिणी. ज्याचे नाव येईल त्याने पुढे होऊन हळदीचे बोट लावावयाचे. बहिणींची पाळी आली. चुलतबहिणी होत्या, मामेबहिणी होत्या. पहिले नाव त्यांच्यातल्या थोरलीचे येणार असे सर्वांनी धरले होते. म्हातारीने क्षणभर दम घेतला, आणि नागोठण्याच्या त्या मुलीचे नाव घेतले.

ते नाव मी येथे लिहीत नाही. ते घेण्याचा अधिकार ज्यांचा होता त्यांनी ते घेतले, एवढे पुरे.

धवल्याची घडण अशी की धवलारणीने म्हटलेली ओळ मागच्या बायकांनी उचलली नाही तर ती तशीच हवेत लोंबत राहते. ती ओळ तशी लोंबत राहिली. कोणीतरी बारीक आवाजात म्हणाले, "आजी, ते नाव नको." म्हातारीने मान वळवून उत्तर दिले, "माज्या धवल्यान घरची पोर राहली, त ह्यो धवला पुरा नाय व्हत." आवाजात राग नव्हता. माप कमी पडले आहे असे एखादी बाई वाण्याला सांगते, तशा सुरात ती बोलली. आणि तिने तीच ओळ पुन्हा म्हटली. या वेळी मागून एक थरथरता आवाज उठला. तो नवऱ्यामुलाच्या आजीचा, म्हणजे माझ्या स्नेह्यांच्या आईचा होता. तिच्यामागून आईचा, तो फार फाटका निघाला. मग बाकीच्या सर्व बायकांचा. ओळ पुरी झाली. हळद लावावयास पुढे कोणी नव्हते, तेव्हा नवऱ्यामुलाने स्वतःच वाटीत बोट बुडविले आणि बहिणीच्या वाट्याची हळद आपल्या गालाला लावून घेतली.

माझे स्नेही मांडवाच्या खांबापाशी उभे होते. ते काही बोलले नाहीत. बोलून थांबवू शकले असते, आणि थांबविले नाही, एवढे मी पाहिले. थोड्या वेळाने ते अंधारात बांधाकडे गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचा चेहरा धुतलेला होता.

या प्रसंगाला कथेसारखा शेवट नाही. मुलगी दुसऱ्या दिवशी लग्नाला आली. आईने रात्रीच दूरध्वनी केला असावा. ती एकटी आली, अक्षता टाकून झाल्यावर बायकांच्या पंगतीत जेवली, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. बाप तिच्याशी दोन वाक्ये बोलला. त्यांतले एक गाडीच्या वेळेविषयी होते. जावई आला नाही. त्याला कोणी बोलाविले नव्हते, आणि त्याचे नाव अजून कोणत्याही धवल्यात आलेले नाही. पण शाळेतल्या जुन्या मित्रमंडळींच्या बैठकीत परवा कोणी नवख्याने माझ्या स्नेह्यांना मुले किती म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी 'दोन' असे उत्तर दिले. मी चहाचा पेला खाली ठेवला नाही, की त्यांच्याकडे पाहिलेही नाही. अशा वेळी न पाहणे हेच मित्राचे काम असते.

तेव्हापासून मी दोन्ही गाणी वेगळ्या कानांनी ऐकतो. 'झिंगाट' वाजले की मला त्याचा राग येत नाही. त्या रात्री बाप आधी नाचला नसता तर पुढे गप्प राहिला असता काय, याविषयी मला शंका आहे. तासभर सर्वांबरोबर घाम गाळून, हसून, अंग सैल झालेल्या माणसाला कठोर होणे जड जाते. एवढे काम ते निनावी गाणे करते, आणि चोख करते. पण ते माणसाला दारापर्यंत आणून सोडते. दार उघडावयाचे तर कोणाचे तरी नाव घेऊन हाक मारावी लागते, आणि ती हाक मारणाऱ्याला चार लोकांच्या नजरा सोसाव्या लागतात. म्हातारीला तिची बिदागी म्हणून लुगडे आणि थोडे पैसे मिळणार होते. तेही हातचे जाण्याचा संभव पत्करून तिने नाव घेतले.

नावाची दुसरीही एक तऱ्हा आहे, ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करू इच्छिणाऱ्या दोघांनी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती नोटीस कचेरीत ठळक जागी लावतात, आणि कोणाची हरकत न आल्यास तीस दिवसांनी विवाह होतो. म्हणजे मांडवात ज्यांची नावे कोणी घेणार नाही, त्यांची नावे एक महिनाभर भिंतीवर टांगलेली असतात, आणि ज्याला त्रास द्यावयाचा त्याला ती आयती वाचावयास मिळतात. कायद्याने हे सावधगिरीसाठी केले असेल. परंतु त्या भिंतीपुढून जाताना मला नेहमी वाटते की ही दोन नावे प्रथम येथे वाचली जावीत, आणि घरच्या तोंडून शेवटी, किंवा मुळीच नाही, हा क्रम उलटा आहे.

धवलारणी आता कमी होत चालल्या आहेत. तरुण मुलींना ते धवले पाठ करावयास वेळ नाही, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. त्या शिकतात, नोकऱ्या करतात, गाड्या पकडतात. पण धवलारीण गेली म्हणजे नावे घेण्याचे तिचे काम कोठेतरी दुसऱ्याच्या अंगावर येऊन पडणार, आणि ते यंत्राला जमण्यासारखे नाही. आमच्या वर्गात तर धवलारीण कधी नव्हतीच. आमच्याकडे गोतावळ्याची नावे घेते ती छापील लग्नपत्रिका, आणि तीत कोणाचे नाव आहे यापेक्षा कोणाचे गळले आहे हे वाचणाऱ्याला अधिक लवकर कळते. येत्या सराईत माझ्या ओळखीच्या तीन घरी लग्ने आहेत. आमच्या आळीची रीत अशी की पत्रिका छापावयास जाण्यापूर्वी तिचा मसुदा शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येतो. ऱ्हस्व-दीर्घ तर मी नेहमीप्रमाणे पाहीनच. त्याबरोबर यंदा, पेन्सिल हातात असताना, राहून गेलेल्या नावांचीही विचारपूस करण्याचा माझा बेत आहे.